तिसरी भाकरी

एका राज्यात राजे बदलत, पण अंगठी तीच राही. आजोबाच्या बोटातून बापाच्या, बापाच्या बोटातून लेकाच्या. तिच्या लाल खड्यावर राजमुद्रा कोरलेली होती. ज्याच्या हाती अंगठी, त्याच्या हाती राज्य. या कथेच्या काळी ती वज्रकेतू राजाच्या बोटात होती, आणि वज्रकेतूचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता.

सरदार गबर झाले की बंड करतात, असे त्याला वाटे. म्हणून त्याने एक रीत पाडली. दरवर्षी तो एका सरदाराकडे सातशे माणसांनिशी पाहुणा जाई आणि कोठारातला शेवटचा दाणा संपेपर्यंत मुक्काम हलवत नसे. याला तो कृपा म्हणे. राजांची कृपा ही अशी. तिला लांबूनच नमस्कार केलेला बरा.

त्या वर्षी पाळी आली सोनखडीच्या गढीची. तिथली सरदारीण हेमाक्षी. तिचा धाकटा भाऊ जयमल्ल राजाच्या कैदेत होता. भर दरबारात तो एकदा स्वतःशीच हसला होता. एवढा गुन्हा पुरला.

हेमाक्षी हात जोडून म्हणाली, "महाराज, पाहुणचारात कसूर झाली नाही, तर माझा भाऊ सोडावा."

"तीन गोष्टी मागेन," राजा म्हणाला. "एक जरी चुकली, तर गढी माझी आणि तुझ्या भावाचे मस्तकही माझे."

पहिल्या दिवशी त्याने कोणाचा हात न लागलेले पाणी मागितले. हेमाक्षीने त्याला कड्याखाली नेले. तिथे खडकातून पाणी ठिबकत होते. राजा आपल्याच ओंजळीने प्याला. दुसऱ्या दिवशी त्याने जिच्याआड कोणी लपणार नाही अशी शेज मागितली. तिने उघड्या कातळावर घोंगडी अंथरली. राजा दुपारभर तिथे पहुडला, एक डोळा उघडा ठेवून.

तिसऱ्या दिवशी राजा म्हणाला, "आता गरम अन्न दे."

हे ऐकून सगळ्यांच्या माना खाली गेल्या. राजाचे ताट आधी बारा जण चाखत. पहिल्याने चाखायचे, तो जगतो की नाही ते पाहायचे, मग दुसऱ्याने. बाराव्यापर्यंत अन्न गारढोण होई. राज्यावर बसल्यापासून राजाच्या पोटात ऊन घास गेला नव्हता.

हेमाक्षी मुदपाकखान्यात येऊन रडू लागली. तोच राजाचा राघू खिडकीत येऊन बसला.

"रडू नकोस, ऐक," राघू म्हणाला. "राजाच्या आजोबाने माझ्या धन्याला, एका मांत्रिकाला, अर्धा खजिना कबूल केला आणि बुडवला. धन्याने त्याला ही शापाची अंगठी दिली. खजिना राहील, पण अंगठी घालणाऱ्याचा कोणावरच विश्वास राहणार नाही. राजाने ती आपणहून काढली आणि ती आगीत पडली, तरच शाप सुटेल. मागितलीस, तर मान जाईल."

हेमाक्षीने डोळे पुसले. "हे तू मला का सांगतोस?"

"तेरावा घास मी चाखतो," राघू म्हणाला. "मलाही गारच मिळते."

हेमाक्षीने चूल पेटवली, काठवट मांडली आणि राजाला तिथेच बोलावून ती म्हणाली, "महाराज, स्वतःच्या हातांवर तरी विश्वास आहे ना? मग भाकरी आपणच थापावी."

राजाने आपल्या हातांकडे बराच वेळ पाहिले. मग तो जात्यावर बसला, ज्वारी दळली, पीठ मळले. पहिली भाकरी थापता थापता फाटली. पीठ अंगठीला चिकटले होते. दुसरीही फाटली. राजाला कडकडून भूक लागली होती. त्याने चारी बाजूंना पाहिले, अंगठी काढली आणि चुलीच्या कडेला ठेवली. तिसरी भाकरी गोल उतरली आणि निखाऱ्यावर टम्म फुगली.

राजाचे डोळे भाकरीवर होते. हेमाक्षीने अंगठी उचलली.

या मुद्रेने भाऊ सुटला असता; गढीच काय, सिंहासनही मिळाले असते. पण खडा बोटाला लागताच तिच्या मनात आले, जयमल्ल त्या दिवशी का हसला? त्याने राजाशी संधान बांधले असेल का? माझी गढी तर नको ना त्याला? ज्या भावाला तिने कडेवर खेळवले, त्याच्याबद्दल हे! तिला स्वतःची लाज वाटली. बोट चरचर भाजत होते. तिने अंगठी चुलीत टाकली. खडा फुटाण्यासारखा फुटला आणि निळा धूर धुराड्यातून निघून गेला.

राजाने तोंडात घास घातला होता. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आले. "गरम आहे," तो म्हणाला. मग त्याने उरलेली भाकरी मोडून दारात उभ्या पहिल्या चाखणाऱ्यापुढे धरली. "चाखू नकोस. खा."

राघूच्या सांगण्यावरून अर्धा खजिना मांत्रिकाच्या नातवाला मिळाला, पाहुणचाराची रीत बंद झाली. राजा सुधारला म्हणतात. मी राजांवर सहसा विश्वास ठेवत नाही; पण सातशे माणसे दुसऱ्याच दिवशी गढी सोडून गेली, एवढे खरे.

जयमल्ल घरी आला. हेमाक्षीने त्याला तव्यावरची भाकरी वाढली.

"ताई, बोटाला काय झाले?"

"भाकरी करताना चटका बसला."

जयमल्ल स्वतःशीच हसला. का हसला, ते हेमाक्षीने विचारले नाही. तिने त्याच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.