ऐंशी मापांची तुला

ऐंशी मापं तेल ओतून झालं, तरी महाराजांचं पारडं जमिनीवरून तसूभरही उचललं गेलं नाही!

वाढदिवसाची तुला चालली होती. महाराजांच्या वजनाइतकं तेल देवळातल्या दिव्यांना द्यायचं होतं. आदल्या दिवशी महाराजांना याच सगळ्या साजासकट तोललं, ते बरोबर ऐंशी शेर भरले. म्हणून कोठावळे विसोपंतांनी तेलीण कोंडाबाईकडून शेराच्या मापानं ऐंशी मापं तेल घेतलं होतं. आता तेच विसोपंत ओरडत होते, "चोरी! हिनं मापात मारलं!"

"पंत, एकेक माप तुमच्या डोळ्यांदेखत काठोकाठ भरलंय," कोंडाबाई उसळून म्हणाली. "तेल हलकं असतं. पाण्यावर तरंगतं ते काय हौस म्हणून? मापभर पाणी शेर भरेल, मापभर तेल नाही भरायचं!"

"शेराच्या मापात शेरच मावतो! कोठीच्या दप्तरात तसा नियम आहे!"

"तेलाला वाचता येत नाही, पंत!"

प्रधानांनी तराजूकडे संशयानं पाहिलं. राजवैद्यांनी आभाळाकडे पाहिलं. रात्रीतून महाराजच वाढले असतील, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

महाराज पारड्यातूनच गरजले, "ऐंशी मापांत तुला होणार अशी मी दवंडी पिटवलीय! माझा शब्द फिरायचा नाही. बाई, एवढ्याच तेलानं मला उचल. एक थेंब वर घालायचा नाही. नाहीतर तुझा घाणा जप्त, बैल जप्त!"

घरातली पाच तोंडं त्या घाण्यावर जगत होती. तिनं तेलाकडे पाहिलं, मग महाराजांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"उचलते, महाराज. तेल वाढवायचं नाही, शब्द फिरवायचा नाही. मग महाराजांनाच हलकं व्हावं लागेल! ते अंगावरचं सोनंनाणं काढून ठेवा बघू."

महाराज गुरगुरले, पण मुकुट काढला. मग कडी काढली, कमरपट्टा काढला, तलवार काढली. छातीवरचा सोन्याचा पत्रा निघाला तसं पारडं कुरकुरलं, हललं, आणि महाराज अलगद वर आले!

"वा! माझा शब्द राखलास!" महाराज खूश झाले. "घाणा तुझा, बैल तुझे! पंत, हिला शेरभर मोहरा द्या."

"पण महाराज, हिनं मापात मारलेलं तेल..."

"आधी मोहरा द्या!"

विसोपंतांनी तोंड वाकडं करून लहान तागडी मागवली. कोंडाबाईनं आपलं तेलाचं पितळी माप पदरानं पुसून त्यांच्यापुढे ठेवलं.

"तागडी कशाला, पंत? शेराचं माप आहे की! भरा काठोकाठ."

"मापानं?" विसोपंत किंचाळले. "अगं, खुळी की काय तू! त्यात दहा-बारा शेर सोनं जाईल!"

"कशात, पंत?"

"या शेराच्या मा..."

विसोपंतांनी माप हळूच बाजूला सरकवलं.

"सोनं मापापेक्षा जड भरतं हे ठाऊक होतं," कोंडाबाई म्हणाली. "मग हलकं भरलं की गरिबाची चोरी कशी हो?"

महाराज असे खदखदून हसले, की तराजूच्या साखळ्या वाजू लागल्या आणि अर्धा शेर तेल हिंदकळून सांडलं!

"भरा, पंत, मापानंच भरा!" डोळे पुसत ते म्हणाले. "त्यातलं शेरभर माझ्या खजिन्यातून. वरचं सगळं तुमच्या घरून!"