चौदाव्या कलमाचं काय झालं

ॲडव्होकेट त्र्यंबकराव पोंक्षे यांनी कराराच्या मसुद्यात पाचव्या जागी एक नवं कलम घुसवलं आणि त्यांची टायपिस्ट चित्रा शिवलकर हिने कपाळाला हात लावला. मधे एक कलम आलं की पुढची सगळी एकेक घर सरकणार. मग जिथे 'कलम अकराप्रमाणे' लिहिलंय तिथे 'कलम बाराप्रमाणे' करायचं, आणि अशा जागा सबंध करारात शोधत फिरायचं.

चित्राचं आणि आकड्यांचं शाळेपासून वाकडं. भावाच्या लग्नात तिला पंगतीची पानं मोजायला बसवलं होतं. नवरदेवाचे मामा जेवायला उभेच राहिले.

करार मच्छीमार संस्थेचा होता. संस्थेचा बर्फाचा कारखाना जठारशेठना चालवायला द्यायचा होता. पोंक्षे संस्थेचे वकील. शोधूनही एक जागा राहून गेली, आणि बैठकीत जठारशेठनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "भाडे थकल्यास कलम तेराप्रमाणे कारवाई होईल." मग कलम तेरा वाचलं, "आवारातील माडांना रोज पाणी घालावे." आणि म्हणाले, "वकीलसाहेब, मी भाडं थकवतोच. माड तरी जगतील."

सगळे हसले. पोंक्षे हसले नाहीत.

"शिवलकरबाई," घरी जाताना ते म्हणाले, "पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर कलमं घालणार, काढणार. माझा चहा संपायच्या आत मसुदा तयार पाहिजे. एकही आकडा चुकता कामा नये. चुकला, तर दुसरीकडे नोकरी बघा."

"सर, हे माणसाला जमणारं काम नाही."

"मग माणसाकडून करून घेऊ नका."

ते रागाच्या भरात बोलले. चित्राने मात्र ते शब्दशः घेतलं, कारण कष्ट टाळण्याची संधी ती सहसा सोडत नसे. कंप्युटरच्या पडद्यावर वर 'क्रॉस-रेफरन्स' असं काहीतरी लिहिलेलं ती कित्येक वर्षं पाहत होती. हे मुंबईच्या मोठ्या ऑफिसांसाठी असणार, असा तिचा समज होता. तिने भीतभीत तिथे दाबलं. पहिल्या फटक्यात 'कलम बारा'च्या जागी अख्खं बारावं कलम वाक्याच्या पोटात येऊन बसलं. दुसऱ्या फटक्यात पान क्रमांक आला. बऱ्याच खटपटीनंतर तिच्या ध्यानात आलं की कलमांना नंबर कंप्युटरनेच द्यायचे, आणि 'बारा' असं टाइप न करता त्या कलमाकडे बोट दाखवायचं. कलम कुठेही सरकलं, तरी बोट त्याच्या मागे जातं. एवढं सोपं होतं, आणि आपण इतकी वर्षं बोटं मोडत बसलो! तिला स्वतःची कीव आली आणि हसूही आलं.

बैठकीला जठारशेठ आले, संस्थेचे अध्यक्ष भाटकर आले, चहा आला. भिंतीवर मसुदा मोठा करून दाखवला होता. पोंक्ष्यांनी एक घोट घेतला.

"तिसऱ्या जागी नवं कलम घाला. 'कारखान्याचा विमा ठेकेदाराने उतरवावा.'"

चित्राने घातलं. खालची कलमं सरकली, पण मजकुरातले आकडे जिथल्या तिथे. मग तिला आठवलं की सगळं निवडून एफ-नाईनचं बटण दाबायचं असतं, आणि तेच आपण विसरलो. तिने दाबलं. भिंतीवरचे आकडे एका दमात बदलले.

भाटकर खुर्चीत पुढे सरकले. पोंक्ष्यांनी अजून दोन कलमं घातली, एक वरचं खाली नेलं. आकडे बरोबर. चहा अर्धा उरला होता, आणि हार मानणं पोंक्ष्यांच्या स्वभावात नव्हतं.

"आता चौदावं काढून टाका."

"चौदावं? सर, एकदा वाचून..."

"वाचत बसू नका. काढा."

जठारशेठ एकदम छताकडे पाहू लागले. चित्राने कलम काढलं, एफ-नाईन दाबलं. भिंतीवर तीन ठिकाणी ठळक इंग्रजी अक्षरं उमटली. त्यांचा अर्थ, 'चूक, दाखवलेली जागा सापडत नाही.'

पोंक्ष्यांनी कप खाली ठेवला. "हरलात, शिवलकरबाई. एकही आकडा चुकायचा नव्हता."

चित्राने भिंतीकडे बोट दाखवलं. "कुठला आकडा चुकला, सर? तिथे आकडाच नाही. तुम्ही कलमच काढलंत, मी आकडा कुठून आणू?"

"शब्दांत पकडू नका मला. वाचा ते वाक्य."

"'ठेकेदाराने सभासदांना कलम, चूक, सापडत नाही, मध्ये ठरलेल्या दराने बर्फ द्यावा.'" ती थांबली. "चौदाव्यात बर्फाचा दर होता, सर. मी हाताने आकडे घातले असते, तर इथे मुकाट्याने 'चौदा'च राहिलं असतं. आणि आता चौदावं आहे माडांना पाणी घालण्याचं."

भाटकर उठून उभे राहिले. "म्हणजे शेठ म्हणतील तो दर? आमच्या होड्या किनाऱ्यालाच राहिल्या असत्या की. शेठ, तुम्हाला दिसत होतं ना?"

"मी पंखा बघत होतो," जठारशेठ म्हणाले.

पोंक्ष्यांचे खांदे हलू लागले आणि चष्मा काढून डोळे पुसावे लागेपर्यंत ते हसले. "भाटकर, तुमचा वकील तुम्हाला बुडवायला निघाला होता, आणि टायपिस्टने वाचवलं. बाई, कलम परत आणा. आजपासून तुम्ही आमच्या मसुदा विभागाच्या प्रमुख. पगार वाढला, आणि विभागाचे सगळे निर्णय तुमचे."

"विभागात अजून कोण आहे, सर?"

"तुम्हीच."

चित्राने चौदावं कलम जागेवर आणलं, एफ-नाईन दाबलं, आणि प्रमुख या नात्याने शिवलकरबाईंची शनिवारची रजा मंजूर केली.