सदोबाने दप्तर आवरलं

वाघजाळी नावाच्या गावात सदोबा म्हणून एक भोळा शिपाई होता. गावच्या दूध संघात कामाला. मनाने मोठा निर्मळ. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा.

संघाच्या इमारतीत मागची एक खोली जुन्या कागदांनी छतापर्यंत भरली होती. गावाला गुरांचा डॉक्टर मिळाला होता, पण त्याला बसायला जागा नव्हती. बिचारा मोटारसायकलवरच दवाखाना चालवायचा. तालुक्याहून निरोप आला, ती खोली रिकामी करा. साहेब शुक्रवारी येऊन पाहतील, मग दवाखाना मंजूर.

हेडक्लार्क बोराटेबाईंनी सदोबाला बोलावलं. "सदोबा, हे दप्तर आवरायचंय. जुनं दिसेल ते रद्दीत घाल."

"घालतो, बाई."

सदोबाने सगळीकडे नीट पाहिलं. खोलीतल्या वीस वर्षांपूर्वीच्या फायली प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोऱ्या करकरीत होत्या. बाईंच्या टेबलावर मात्र यंदाची फाइल होती, चहा सांडून पिवळी पडलेली, कोपरे दुमडलेली. दिसायला तीच सगळ्यांत म्हातारी. ती गेली रद्दीत.

बाई रद्दीवाल्याच्या गाडीमागे वेशीपर्यंत पळाल्या. फाइल छातीशी धरून परत आल्या. म्हणाल्या, "अरे, दिसण्यावर काय जातोस? तारीख बघायची. तारीख उलटली असेल तर टाकायचं."

"चुकलंच, बाई. आता तारीख बघतो."

दुसऱ्या दिवशी त्याने तारखा बघितल्या. परवाची पत्रं, तारीख उलटलेली. कालचं हजेरीपत्रक, उलटलेली. कपाटांतलं, खणांतलं, टेबलांवरचं, सगळं पोत्यांत गेलं. आज सकाळी टपालाने आलेलं एक पाकीट तेवढं उरलं. सदोबाने ते उघडून पाहिलं. आतल्या पत्रावर गेल्या सोमवारची तारीख होती. मग तेही गेलं.

बाई अंधार पडेपर्यंत पोती उपसत बसल्या. "सदोबा, टाकायच्या आधी विचारावं रे माणसानं. ज्याचा कागद, त्याला विचारायचं."

"खरंय तुमचं. उद्या विचारतो."

सकाळी त्याच्या हाताला जो गठ्ठा लागला त्यावर लिहिलं होतं, 'मयत सभासद'. सदोबा गठ्ठा डोक्यावर घेऊन स्मशानात गेला. एकेकाचं नाव वाचलं, अदबीने विचारलं, उत्तराची वाट पाहिली. दिवस मावळताना परत आला. तोंड उतरलेलं.

"बाई, विचारलं सगळ्यांना. कुणीच काही बोलत नाही. तुकाराम ढोबळ्यांना तर दोनदा विचारलं, ते जिवंतपणीही कानाने कमीच होते."

बाईंनी कपाळ चोळलं. साहेबांचं येणं उद्यावर आलं होतं. त्या सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "ऐक. हे लोकांचे खाजगी कागद आहेत. ते फाडून टाक. वाचता येईल असं काही शिल्लक ठेवायचं नाही. कम्प्युटरवरही तेच. आणि इथलं एक अक्षर बाहेरच्या माणसाला सांगायचं नाही. समजलं?"

"समजलं," सदोबा म्हणाला. या वेळी त्याला खरंच समजलं होतं. इतकं सोपं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी बाई आणि मॅनेजर हार घेऊन साहेबांना आणायला फाट्यावर गेले. मागे सदोबा एकटा. त्याने खोलीतले, कपाटांतले, टेबलांवरचे सगळे कागद फाडून रद्दीत घातले. मग कम्प्युटर घेतला. त्याच्या बटणांवर अक्षरं होती, वाचताही येत होती. ती त्याने पत्र्याच्या तुकड्याने खरवडली. दारांवरच्या पाट्या उतरवल्या. भिंतीवर दुधाचे भाव लिहिले होते, त्यावर चुना मारला. शेवटी शिडी लावली आणि इमारतीवरचं 'दूध संघ' हेही पांढरं करून टाकलं.

तो शिडीवरून उतरतोय तोच मागच्या रस्त्याने जीप आली. आतून साहेबांनी विचारलं, "अहो, दूध संघ कुठं आहे?"

"ते सांगता येत नाही, साहेब."

"मग ही इमारत कुणाची?"

"तेही सांगता येत नाही."

साहेबांनी आत डोकावून पाहिलं. माणूस नाही, कागद नाही, पाटी नाही. कोरा कम्प्युटर तेवढा टेबलावर होता. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि निघून गेले. आपल्या तोंडून एक अक्षर गेलं नाही, म्हणून सदोबा दिवसभर खुशीत होता.

आठ दिवसांनी पत्र आलं. बाईंनी मोठ्याने वाचलं, 'वाघजाळी येथे दूध संघ आढळून आला नाही. सबब त्याची नोंद रद्द करण्यात येत आहे. तेथे एक बेवारस इमारत रिकामी आढळली. ती संपूर्ण इमारत गुरांच्या दवाखान्यास देण्यात येत आहे.'

बाई मटकन खुर्चीत बसल्या. मॅनेजर भिंतीला टेकले. डॉक्टरची सोय झाली म्हणून सदोबाला फार बरं वाटलं. त्याने पत्र पुन्हा एकदा वाचून घेतलं, बाईंच्या जवळ गेला आणि हळूच म्हणाला,

"बाई, उठा. सरकारनं इमारत रिकामी आहे असं लिहिलंय. तुम्ही बसून राहिलात तर सरकार खोटं पडेल."