बांधाच्या पायथ्याचे दगड

तुमच्या-माझ्या पणज्यांचे पणजेही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराळ राज्यात रायाजी नावाचा एक किल्लेदार होता. तीस वर्षे त्याने राजाच्या किल्ल्याचा दरवाजा सांभाळला. गवताच्या भाऱ्यात दडवलेली तलवार, तुपाच्या बुधल्यात लपवलेली चिठ्ठी, जोग्याच्या वेशातला हेर, असले सगळे प्रकार त्याने पकडले होते. समोर आलेल्या माणसाचे तोंड पाहण्याआधी तो त्याचे हात पाहायचा.

म्हातारपणी राजाने त्याला एक खोरे इनाम दिले. खोऱ्यातून एक ओढा वाहत होता. रायाजीने पलीकडच्या टेकडीची तांबडी माती आणून ओढ्यावर बांध घातला आणि दोन पावसाळ्यांत तिथे देखणा तलाव झाला. त्याने दोन होड्या करून घेतल्या. बांधावर बसायला दगडी छत्री उभारली. बांधाच्या रेषेतच एक जुना उंबर होता, तो सावलीसाठी तोडू दिला नाही. त्याच्या बुंध्याभोवतीच माती भरून घेतली. जास्तीचे पाणी बाजूने निघून जावे म्हणून बांधाच्या टोकाला सांडवा ठेवलेला होता. पण होड्या थेट छत्रीच्या पायऱ्यांना लागाव्यात म्हणून रायाजीने त्या सांडव्यात फळ्या ठोकल्या. पाणी हातभर वर चढले आणि नातवंडे खूश झाली.

बांधाच्या खाली, ओढ्याच्या काठाने, कुंभारांची अकरा घरे होती.

पाऊस सरला, आकाश निवळले, आणि रायाजीच्या लक्षात एक गोष्ट आली. पाण्यात रोवलेल्या काठीवर त्याने खुणा केल्या होत्या. रोज सकाळी पाणी दोन बोटे उतरलेले असायचे. उन्हाने एवढे पाणी आटत नाही, हे त्याला ठाऊक होते.

"कोणीतरी पाणी चोरतंय," तो तलावाच्या रखवालदाराला म्हणाला.

"पण धनी, एवढं पाणी न्यायचं तर घागरींची रांग लागेल. आपल्याला दिसली नसती का?"

रायाजीने त्याच्याकडे जरा रोखून पाहिले. हा चोरांची बाजू का घेतो आहे, असे त्याच्या मनात येऊन गेले.

त्याच आठवड्यात खालच्या वस्तीतली कोंडाबाई वर आली. ती कुंभारीण होती. नवरा गेल्यावर चाक तिनेच चालवले होते. डोक्यावरचा पदर सारखा करून ती छत्रीपाशी उभी राहिली.

"किल्लेदार, बांधाच्या पायथ्याला पाझर फुटलाय. पाणी अजून स्वच्छ आहे, पण धार वाढतीय. तो उंबर वाळलाय. आत त्याची मुळं कुजली असतील, पाणी तिथनं वाट काढतंय. सांडव्यातल्या फळ्या काढा, म्हणजे बांधावरचा भार कमी होईल."

रायाजीने विचारले, "तू बांधाच्या पायथ्याशी कशाला गेली होतीस?"

"माती आणायला जाते ना मी ओढ्यात."

"आणि फळ्या काढल्या की पाणी कुठं जाईल?"

"ओढ्यात. दुसरं कुठं जाणार?"

"म्हणजे तुमच्या दारात," रायाजी म्हणाला. त्याला वाटले, पाणी कोणाला हवे आहे ते आता उलगडले. "जा तू. आणि परत बांधाकडं फिरकू नकोस."

कोंडाबाई आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा रखवालदाराने वाड्यात जाऊन निरोप सांगितला आणि दोन्ही वेळा रायाजीने तिला फाटकावरूनच परत पाठवले. इतक्या चिकाटीने कोणी दुसऱ्याच्या बांधाची काळजी करत नाही, असे त्याला वाटे. तिच्या येण्यामागे काही डाव आहे, एवढेच त्याला त्यातून कळले.

मग त्याने किल्ल्यावरची जुनी युक्ती काढली. संध्याकाळी बांधाच्या उतारावर चुलीतली राख चाळून पसरली. सकाळी जाऊन पाहतो तर राखेत अनवाणी पावले उमटलेली. लहान, बाईची. पावले पायथ्यापर्यंत गेली होती आणि तिथे हातभर उंचीचा एक ढीग होता. वर मोठे दगड, त्यांच्याखाली बारीक खडे, सगळ्यांत तळाशी वाळू. ढिगातून नितळ पाणी झिरपत होते.

"बघितलंस?" रायाजी रखवालदाराला म्हणाला. "चोरवाट झाकायला दगड रचलेत."

"धनी, झाकायचीच असती तर वरून माती लोटली असती. हे तर कोणीतरी थरावर थर नीट लावल्यासारखं दिसतंय."

"उपसून टाक."

रखवालदाराने दगड बाजूला फेकले, खडे लोटले, वाळू ओढून काढली. खाली मनगटाएवढी धार निघाली. रायाजीने तिच्यात गोणपाटाचा बोळा कोंबला, वर खुंटी ठोकली, आणि फार दिवसांनी त्या दुपारी त्याला निवांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी काठीवर पाणी दोन नव्हे, तीन बोटे उतरलेले होते. बोळ्याच्या शेजारून दोन नव्या धारा निघाल्या होत्या. रायाजीने त्या पाहिल्याही नाहीत. त्याने कुंभारांच्या पायवाटेवर रखवालदार बसवला, आणि खालचा कोणीही माणूस बांधाच्या आसपास दिसता कामा नये, असा हुकूम सोडला.

चौथ्या दिवशी त्याची लेक मुलांना घेऊन आली. भर दुपारी दोन्ही होड्या पाण्यात होत्या. एका होडीत लेक आणि दुसरीत मोठी नात वल्हे मारत होत्या, धाकटी मुले पाण्यात हात घालून ओरडत होती. रायाजी छत्रीत बसून पाहत होता. पण त्याचे अर्धे लक्ष पायवाटेकडेच होते.

तिथूनच कोंडाबाई येताना दिसली. रखवालदार तिच्यापुढे आडवा झाला, पण ती थांबली नाही. तिच्या हातात पाण्याने भरलेले मडके होते. ते तिने रायाजीच्या पायाशी ठेवले.

"काय कालवलंयस यात?" रायाजीने विचारले.

"मी काही कालवलेलं नाही. तुमच्या बांधातनं निघालंय तसं भरून आणलंय. तळाशी हात घाला."

रायाजी हलला नाही. सवयीने त्याने तिच्या हातांकडे पाहिले. बोटे सोलवटलेली होती, नखे तुटली होती. चिखल मळणारे हात असे होत नाहीत. हे दगड वाहून झालेले हात होते.

"ते दगड तू कशाला रचले होतेस?" त्याने विचारले. त्याचा आवाज उतरला होता.

"आम्ही माती गाळतो, किल्लेदार. वाळू आणि खडे थराने घातले की पाणी निघून जातं, माती मागं राहते. पाझर बंद करायचा नसतो, बांधाची माती तेवढी जाऊ द्यायची नसते. तुम्ही ऐकेनात, म्हणून मी घातले. तुम्ही ते उपसले. आता हात घाला."

रायाजीने मडक्यात हात घातला. तळाचा गाळ मुठीत धरून वर काढला. तो तांबडा होता. ओढ्यातली माती काळी होती. तांबडी माती त्या खोऱ्यात एकाच ठिकाणी होती, आणि रायाजी त्या वेळी त्या बांधावरच बसला होता.

तो उठून पाण्याच्या काठाकडे पळाला. होड्या बांधाकडे न आणता पलीकडच्या काठाला न्या, असे त्याने लेकीला ओरडून सांगितले. रखवालदाराने शिंग फुंकले. कोंडाबाई उतारावरून वस्तीकडे धावली. रायाजीने कुऱ्हाड घेतली आणि सांडव्यातल्या फळ्या स्वतःच्या हाताने फोडल्या. पाणी घोंघावत बाजूने निघाले. पण आता उशीर झाला होता.

वाळलेल्या उंबराशेजारी जमीन खचली, आधी घमेल्याएवढी, मग विहिरीएवढी. छत्री कलली. आणि पाहता पाहता बांध मधोमध फाटला.

तोवर होड्या पलीकडच्या काठाला लागल्या होत्या आणि अकरा घरांतली माणसे टेकडीवर चढली होती. म्हातारी माणसे पाठीवर, शेरडे दाव्याला. एकही जीव गेला नाही. पण घरे गेली, भट्ट्या गेल्या, दिवाळीसाठी वाळत घातलेल्या हजारो पणत्या चिखलात मिसळल्या. तलावाच्या जागी ओल्या गाळात दोन होड्या आडव्या पडून राहिल्या.

रायाजीने कुंभारांची घरे पुन्हा उभारून दिली. मातीच्या पाट्या स्वतः वाहिल्या. शेवटचे घर शाकारून झाले, तेव्हा तो सगळ्यांपुढे उभा राहिला.

"मी बांध परत घालतो," तो म्हणाला. "या वेळी आत झाड राहणार नाही, सांडवा मोकळा राहील. पाणी तुम्हालाही मिळेल. तुम्ही हो म्हणा."

मग कोंडाबाई म्हणाली, "बांध तुम्ही चांगला घालाल, किल्लेदार. आमचं त्याविषयी म्हणणं नाही. पण परत पाझर फुटला, तर सांगायला वर कोणी यायचं? आणि तुम्ही ऐकाल, हा भरवसा आम्ही कशावर धरायचा?"

आपण काही शपथ घ्यावी, असे रायाजीला वाटले. पण समोरच्या माणसांचे चेहरे पाहून त्याने रिकामी पाटी उचलली आणि तो वाटेला लागला. त्या खोऱ्यात पुन्हा तलाव झाला नाही. लेकीची मुले पुढच्या वर्षी आली नाहीत.

म्हणून लहानांनी आणि मोठ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: संशय घ्यायचाच असेल, तर आधी आपण उभारलेल्या कामाचा घ्यावा, सावध करायला आलेल्या माणसाचा नव्हे.