दोन ज्योतींचा दिवस

“आज कसला दिवस मोजायचा, भागाबाई? ती आली आणि माझी बहीण गेली. एकाच सकाळी.”

मावशी हे शेजारणीला सांगत होती. दाराआड सोनकी उभी होती, कमरेवर रिकामी चिमुकली कळशी घेऊन. बोलणं तिच्यासाठी नव्हतं, म्हणूनच की काय, तिला ते शब्दन् शब्द ऐकू आलं.

फार फार जुनी गोष्ट आहे ही. तेव्हा वाढदिवस फक्त राजाचा असे. राजाला आपला दिवस आठवायला चार प्रधान लागत. मावशीला मात्र सोनकीचा दिवस विसरायचा असे, आणि ते काम बिचारी एकटीच करी. त्या दिवशी ती सोनकीची वेणी घाली, ताटलीत अर्धी भाकरी वाढी. फक्त तिच्या तोंडाकडे बघत नसे. सोनकीचं नाक अगदी आईसारखं होतं ना!

सात वर्षांची सोनकी गुपचूप पाण्याला गेली. विहीर लांब, राजाच्या बागेपलीकडे. येताना बागेच्या कडेच्या बाभळीवर काहीतरी लुकलुकलं. पिवळ्याधमक फुलांखाली, डिंकात चिकटलेली, बोटाएवढी परी! मोरपिशी पंख, डाळिंबी परकर आणि रडवेला इवलासा चेहरा.

“हलू नकोस हं,” सोनकी म्हणाली. थेंब थेंब पाणी सोडून तिनं डिंक भिजवला. एक पंख सुटला तेव्हा अर्धी कळशी संपली. दुसरा सुटला तेव्हा सगळीच.

“आता घरी बोलणी बसतील तुला.”

“आज नाही बसणार. आज मावशी माझ्याशी बोलतच नाही.”

परीनं पंख झटकले. सोनेरी, रुपेरी, निळी चमचम उडाली.

“एक इच्छा माग, सोनुली. पण नियम आहेत. गेलेलं माणूस मागायचं नाही.”

सोनकीनं उघडलेलं तोंड मिटलं.

“मग मावशीनं आज माझ्याकडे बघावं.”

“दुसरा नियम. इच्छा परीच्या कानात सांगून भागत नाही. ज्याच्याकडून हवं, त्यालाच मोठ्यानं सांगायचं.”

“मग तू काय देणार?”

“उजेड,” परी हसली. “तेवढाच असतो माझ्याकडे.”

ती गर्रकन फिरली. आधी केशरी झाली, मग सोनेरी, मग नुसता उजेडच. तो उजेड कळशीत उतरला आणि दोन इवल्या ज्योती होऊन शेजारी शेजारी तेवत राहिला. परी कुठेच नव्हती.

वाढदिवसाला ओवाळतात, त्या तबकातली दोन निरांजनं म्हणे तिथूनच आली. पुढे राजानंही तसंच ओवाळून घेतलं, आणि कल्पना आपलीच म्हणून दवंडी पिटवली. पण त्या दिवशी फक्त एक पोर कळशी छातीशी धरून घरी निघाली होती.

मावशी चुलीपाशी पाठमोरी बसली होती. भागाबाई भिंतीला टेकून होत्या. सोनकीनं कळशी मधोमध ठेवली. काळ्या भिंती सोनेरी झाल्या. मावशी दचकून वळली आणि तिला सोनकीचं तोंड दिसलं, नाकासकट. तिचे डोळे भरून आले. ती पुन्हा पाठ फिरवणार, तेवढ्यात सोनकी मोठ्यानं म्हणाली,

“मावशी, तोंड नको ना फिरवूस. आज माझा दिवस आहे, आणि आईचाही. मला ओवाळ, तिलाही ओवाळ. मग आपण दोघी मिळून रडू.”