बंबाखालची पाचर

गरम पाणी बटणातून यायच्या आधीची गोष्ट. धोंडोपंत मास्तर आणि काकूंच्या न्हाणीत तांब्याचा बंब होता. त्याचा एक पाय आखूड, म्हणून मास्तरांनी खाली लाकडाची पाचर ठोकली. निखारे पडतात तिथेच लाकूड! शिकलेली माणसं, आपण काय बोलणार?

पाचर रोज थोडी जळायची. एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बंबदादा, मी निम्मीच उरलेय हो. ओरडा, दगड मागा."

"गप गं! काकूंनी काल चिंच लावून घासलंय मला. पोट बघ कसं चमकतंय!"

"पोटावर नाही, माझ्यावर उभे आहात तुम्ही."

तिसऱ्या दिवशी पाचरीची राख झाली. भरलेला बंब कलंडला आणि उकळतं पाणी काकूंच्या पायांवर सांडलं. काकू दोन महिने खाटेवर होत्या.

मास्तरांनी बंबाला आलेला पोचा काढून घेतला, बंब पुन्हा तिथेच उभा केला आणि खाली नवी पाचर ठोकली. या खेपेला सागवानी!

आता बंबच रोज जीव तोडून ओरडतो, "अहो, दगड ठेवा! दगड!"

मास्तर खुशीत हाक मारतात, "अगं, बंब खदखदतोय बघ. पाणी तापलं, ये लवकर!"

आणि काकू लंगडत लंगडत येतात.