मीठ न खाणारा पहारेकरी

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. तेव्हाची, जेव्हा समुद्राकाठचं मीठ डोंगरावर पोचायला बैलांच्या तांड्याला दीड महिना लागायचा. अशाच एका डोंगरावर एक गड होता, गडावर एक राजा होता, आणि राजाच्या कोठारात मिठाच्या गोण्या कुलपात असायच्या.

त्या गडाची एक रीत होती. पिकं घरात आली की राजा एक दिवस सदरेवर बसायचा आणि गडावरच्या प्रत्येक माणसाच्या तळहातावर स्वतः चिमूटभर मीठ ठेवायचा. ते सगळ्यांदेखत खायचं. ज्याने खाल्लं, तो राजाच्या मिठाला जागणारा. ज्याने नाही खाल्लं, त्याच्यासाठी सदरेपासून पन्नास पावलांवर कडा होता. त्या कड्यावरून लोटलेला माणूस पुन्हा कुणाला दिसला नव्हता. असल्या रीती गोष्टीत ऐकायला बऱ्या वाटतात. ज्यांना त्या पाळाव्या लागतात त्यांना विचारावं.

गडाच्या वरच्या दरवाजावर एक पहारेकरी होता. बारा वर्षं तो तिथे उभा होता आणि बारा वर्षांत त्याने पहाऱ्यावर डोळा मिटला नव्हता. दरवाजाच्या दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार उभा असायचा. दोघांनी मिळून किती भाकरी खाल्ल्या असतील, याचा हिशोब नाही.

एका उन्हाळ्याच्या शेवटी पहारेकऱ्याचे पाय सुजायला लागले. सकाळी उठला की डोळ्यांखाली फुगलेलं असायचं. पायऱ्या चढताना दर वीस पायऱ्यांना तो थांबायचा आणि तटाकडे बघितल्यासारखं करायचा, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. शेवटी बायकोने त्याला गडाखाली झाडपाल्याचं औषध देणाऱ्या म्हातारीकडे ओढत नेलं.

म्हातारीने त्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. कातडीवर खड्डा पडला, तो भरून यायलाच तयार नव्हता.

"मीठ सोड," म्हातारी म्हणाली.

"किती दिवस?"

"दिवस कसले मोजतोस? जन्मभर."

"मग मी बरा होईन?"

म्हातारी खोटं बोलणारी नव्हती. ती म्हणाली, "बरा नाही होणार बाबा. हा आजार तुझ्या घरी राहायलाच आलाय. पण पथ्य पाळलंस तर चालता-फिरता राहशील, दरवाजावर उभा राहशील. नाही पाळलंस, तर पाणी पायांवरून छातीपर्यंत चढेल. मग मला बोलवायला येऊ नका."

बिनमिठाची पहिली भाकरी त्याने तोंडात घातली आणि थुंकून टाकली. आमटीचं वाडगं ढकलून दिलं. बायकोला नाही नाही ते बोलला. तिने आपलं ताट पुढे ओढलं आणि तीच आमटी, तीच भाकरी खायला लागली. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की तिच्याही ताटात मीठ नाही. त्याला फार लाज वाटली.

"तू कशाला सोडलंस?" असं विचारायची सुद्धा त्याची छाती झाली नाही. तिनेच सांगितलं, "चव कशी लागते ते मला कळायला नको? त्याशिवाय काय करायचं ते सुचणार कसं?"

आणि तिला सुचत गेलं. आमटीत आमसूल जास्त पडू लागलं. भाकरीवर लिंबू आलं, भाजलेले तीळ आले, लसूण आणि हिरवी मिरची ठेचून आली, ताकात आलं आणि जिरं पडलं. सगळंच जमलं असं नाही. काही दिवस दोघंही नुसती तोंडं वाकडी करून जेवली. पण दोन महिन्यांनी सूज उतरली आणि पहारेकरी एका दमात पायऱ्या चढून वर गेला. घरातली गोष्ट घरात जमली होती.

अडचण होती ती घराबाहेर. दुपारचं जेवण सगळे पहारेकरी एका पंगतीत घ्यायचे. वाढप्या सगळ्यांत आधी पानावर डावीकडे मीठ वाढायचा, मग लोणचं, मग पापड, आणि मग ज्यात मीठ नाही असं काहीच उरायचं नाही. खरं सांगून टाकायला हवं होतं. पण पहारेकरी घाबरला. आजारी माणसाला वरच्या दरवाजावर कोण ठेवील? आणि राजाचं मीठ खात नाही असं तोंडाने सांगितलं, तर कडा पन्नास पावलांवर होता.

म्हणून तो खोटं बोलायला लागला. आज उपास आहे. आज पोट बिघडलंय. आज बायकोने नवस बोललाय. मीठ तो बोटाने पानाखाली सारायचा. लोणच्याची फोड मुठीत लपवून बाहेर टाकायचा. समोर आलेल्या प्रत्येक वाटीकडे तो साप बघितल्यासारखा बघायचा. पथ्याने त्याला जेवढं बळ दिलं होतं, तेवढं ही लपवाछपवी रोज दुपारी काढून घ्यायची.

एक दिवस जोडीदाराने ती फोड पाहिली. दरवाजामागच्या धुळीत पडली होती आणि पहारेकरी तिच्यावर पायाने माती लोटत होता.

जोडीदार वाईट माणूस नव्हता. पण त्याच वर्षी शेजारचा गड फितुरीने पडला होता. आतल्याच कुणीतरी दरवाजा उघडला होता. जोडीदाराच्या मनात आलं, हा आपलं मीठ खात नाही, मग कुणाचं खातो? आणि उद्या काही झालं, तर मला माहीत असून मी गप्प होतो म्हणून मलाही ढकलतील. त्याने वाढप्याच्या कानात एवढंच सांगितलं, "दरवाजावरचा एक जण मीठ टाळतोय."

गोष्ट वाढप्याकडून पागेत गेली, पागेतून कोठारावर. जाताना ती वाढत गेली. 'मीठ टाळतोय' याचं 'मीठ थुंकतोय' झालं. तिसऱ्या दिवशी राजाच्या कानावर आली, तेव्हा गडाच्या दरवाजावर शत्रूचं मीठ खाणारा कुणी उभा आहे, एवढी ती मोठी झाली होती. नाव तेवढं कुणी घेतलं नव्हतं.

राजेही घाबरतात, मुलांनो. आपल्यासारखेच घाबरतात, फक्त त्यांच्या भीतीचा त्रास इतरांना होतो. राजाने दरवाजाला दुसरा अडसर बसवला आणि दवंडी पिटवली, "या वर्षी चिमूट नाही, मूठ. प्रत्येकाने मूठभर मीठ माझ्यासमोर खायचं. जो खाणार नाही, तो कड्यावर."

मिठाच्या दिवसाला एकवीस दिवस उरले होते. पहारेकऱ्याने दवंडी ऐकली. त्याला एकच सुचलं. आजपासून सगळ्यांदेखत खायचं, म्हणजे संशय तरी फिटेल. त्या दुपारी त्याने लोणचं मागून घेतलं. पापड खाल्ला. आमटी दोनदा घेतली. जोडीदाराने सुटकेचा निःश्वास टाकला आणि आपल्या पानातला पापडही त्याला दिला.

पंधरा दिवसांत पाय पुन्हा भरले. वहाणेत पाऊल जाईना, तेव्हा त्याने वहाणेचा अंगठाच कापून टाकला. बायकोच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"अहो, वहाण का कापलीत?"

त्याने पाय मागे घेतला. तिने खाली बसून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. ती रडायला लागली.

"आठ महिने मी एवढी धडपड केली," ती म्हणाली, "ती काय लोकांना दाखवायला लोणचं खाता यावं म्हणून?"

"मला भीती वाटते गं."

"कशाची? कड्याची की मिठाची?"

"दोन्हीची. आणि लोकांच्या तोंडाची त्याहून जास्त."

"मग राजाला सांगा."

"काय सांगू? फितुराला विचारलं तर तोही आजारीच असल्याचं सांगेल. आणि तू सदरेवर एक शब्द बोलायचा नाहीस. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. मला लोटलं तर निदान तू तरी मागे राहा."

मिठाचा दिवस उजाडला. सदरेसमोर सगळा गड जमला होता, बायका तटाच्या कडेला उभ्या होत्या. राजासमोर मिठाची परात होती. एकेक माणूस पुढे यायचा, ओंजळ धरायचा, मूठभर मीठ तोंडात कोंबायचा. धडधाकट गडी ओकत होते, डोळ्यांतून पाणी काढत होते. मागे हटणारा एकही नव्हता, कारण कडा सगळ्यांना दिसत होता.

पहारेकऱ्याची पाळी आली. राजाने त्याच्या हातावर मूठ रिकामी केली. पहारेकऱ्याने मनाशी ठरवलं होतं की खायचं. कड्यावरून वाचणं शक्य नाही, मिठातून कदाचित वाचेन, असं त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं. त्याने हात तोंडाजवळ नेला. पण उभ्या उभ्याच त्याला धाप लागत होती. छातीत पाणी चढल्यासारखं वाटत होतं. ही मूठ पोटात गेली की संध्याकाळ दिसायची नाही, हे त्याचं अंगच त्याला सांगत होतं. त्याने हात खाली घेतला.

राजा उभा राहिला.

"तूच का तो?"

"मीच, महाराज. मीठ न खाणारा मीच. पण फितूर नाही. आजारी आहे."

"आजारी माणूस माझ्या दरवाजावर?"

पहारेकऱ्याने धोतर गुडघ्यापर्यंत वर केलं आणि नडगीवर अंगठा दाबला. मळलेल्या कणकेत पडावा तसा खड्डा पडला. तो म्हणाला, "मला मीठ वर्ज्य आहे. आठ महिने मी बिनमिठाची भाकरी खाल्ली. गोड लागत होती म्हणून नाही खाल्ली. या दरवाजावर उभं राहता यावं म्हणून खाल्ली. लोक मीठ खाऊन मिठाला जागतात, महाराज. मला जागायचं असेल तर मीठ सोडावंच लागतं. भ्यालो म्हणून हे बोललो नाही, ही माझी चूक. आता काय करायचं ते करा."

राजाचा चेहरा बदलला नाही. भ्यालेल्या माणसाला पटकन काही पटत नाही. शिपाई पहारेकऱ्याच्या दंडाला धरायला पुढे झाले. त्याच्या बायकोने तोंडात पदर कोंबला, पण शपथ मोडायला ती पुढे सरसावली होतीच.

तिच्याआधी दुसरीच एक बाई पुढे आली. गडावर शिंग फुंकणाऱ्याची ती विधवा होती. ती पहारेकऱ्याजवळ गेली, वाकली आणि त्याच्या पायाकडे बघत राहिली.

"आमच्या मालकांच्या पायाला असाच खड्डा पडायचा," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, चढउतार करून सुजतात. औषधवाल्या म्हातारीने मीठ सोडा म्हणून सांगितलं होतं. ते म्हणाले, सोडलं तर महाराज काय म्हणतील? गेल्या वर्षी त्यांनी इथेच चिमूट खाल्ली आणि मग, कुणाला शंका नको म्हणून, रोज पंगतीला बसून मीठमसाला खात राहिले. महिन्याभरात गेले."

राजा हळू आवाजात म्हणाला, "तो माझा सगळ्यात इमानी माणूस होता."

"होता, महाराज," ती म्हणाली.

राजा खाली बसला. मग त्याने शिपायांना मागे केलं, पहारेकऱ्याच्या हातातलं मीठ स्वतःच्या हाताने काढून घेतलं, आणि परातीशेजारी पाण्याची घागर आणून ठेवायला सांगितली. "ज्याला मीठ चालत नाही, त्याने या घागरीतलं ओंजळभर पाणी प्यावं. तेच इमान. कारण कुणी विचारायचं नाही, आणि पंगतीत कुणी कुणाच्या पानात बळजबरी वाढायचं नाही."

पहारेकरी पाणी प्यायला. त्याच्यानंतर बराच वेळ घागरीकडे कुणी गेलं नाही. सगळे आधी कड्याकडे बघत होते आणि मग राजाकडे. शेवटी एक म्हातारा रांगेतून बाहेर पडला. तो मिठाच्या कोठाराचा रखवालदार होता. नऊ वर्षं तो मिठाच्या दिवशी मीठ खायचा, घरी जाऊन घशात बोटं घालून ते बाहेर काढायचा, आणि पुढचे आठ दिवस अंथरुणात पडून राहायचा. त्याच्यामागून आणखी एक जण आला, मग आणखी एक. दिवस मावळेपर्यंत सात माणसं पाणी प्यायली. सातही जण दर वर्षी हसत हसत मीठ खाऊन गेले होते.

पहारेकरी जगला. बायकोने पुन्हा आमसुलाची आमटी मांडली, पुन्हा महिने मोजले, आणि सूज उतरली. पण भीतीपोटी खाल्लेल्या त्या दिवसांनी त्याच्यातलं जे नेलं, ते सगळं परत आलं नाही. वरच्या दरवाजापर्यंतच्या पायऱ्या त्याला पुन्हा कधी चढता आल्या नाहीत. राजाने त्याला खालच्या दरवाजावर बसून पहारा करायला दिलं. जोडीदार रोज खाली उतरून त्याच्याबरोबर जेवायचा, आणि आपल्या पानावर वाढलेलं मीठ खायला त्याला फार दिवस जड जायचं.

बोध असा, की आजारासाठी पाळलेलं पथ्य माणसाला जगवतं आणि भीतीने लपवलेलं पथ्य त्याला मारतं. म्हणून आपलं पथ्य उघड सांगावं, आणि दुसऱ्याने सांगितलेलं कारण न विचारता मानावं.